पुढचा डावा पाय

डिंकमास्तरांनी पडद्यावरच्या भुंगेऱ्याचे पाय मोजले. अंगाला पाच, शेजारी चिकटवलेला एक. सहा. बरोबर होतं. तरी त्यांनी खुर्ची पुढे ओढली, चष्मा कपाळावर चढवला, परत खाली घेतला आणि पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.

"मामा, सहाच आहेत," अंधारातून भाचीचा आवाज आला. "सातवा निघाला असता तर मी तीन वर्षं गप्प बसले असते का?"

"तू पुढे बोल. मी आपला बघतोय."

संग्रहालयाच्या सभागृहात दोघंच होते. शुक्रवारी इथेच तिचं व्याख्यान होतं. बाहेरून चार मोठे तज्ज्ञ येणार होते, आणि त्यांच्यापुढे बोलायच्या आधी तिला एकदा कुणासमोर तरी बोलून बघायचं होतं. कुणासमोर याचा तिने फारसा विचार केला नव्हता. लहानपणी पाठ केलेली कवितासुद्धा ती आधी मामालाच म्हणून दाखवायची.

कीटक विभागात मामांनी छत्तीस वर्षं एकच काम केलं होतं. देशोदेशीचे मेलेले किडे ओलाव्याच्या डब्यात मऊ करायचे, त्यांचे पाय आणि मिशा सरळ करायच्या, पुठ्ठ्याच्या नखाएवढ्या तुकड्यावर डिंकाने चिकटवायचे, खाली टाचणीत चिठ्ठी ओवायची. त्यावरून पडलेलं नाव निवृत्तीनंतर अकरा वर्षांनीही सुटलं नव्हतं. नवीन लागलेल्या मंडळींना तर वाटायचं, यांचं आडनावच ते असावं. त्यांचे दोन नियम होते. टेबलावर एका वेळी एकच किडा, आणि डिंक वाळल्याशिवाय खुर्चीतून उठायचं नाही. छत्तीस वर्षांत मास्तरांच्या हातचा एक नमुना चुकीचा निघाला नाही, असं विभागात सांगितलं जाई. ते स्वतः कधी तसं म्हणत नसत, पण कुणी म्हणालं तर खोडूनही काढत नसत.

पडद्यावर आता समुद्र आला. त्यात एका ओळीत तीन बेटं.

"ही तिन्ही ज्वालामुखीची," भाची म्हणाली. "समुद्राखाली एक शेगडी आहे म्हणा. शेगडी जागची हलत नाही, पण वरचा समुद्राचा तळ सरकत राहतो. एक बेट शिजून वर येतं, पुढे सरकतं, मग त्याच जागी दुसरं. संग्राहकांनी त्यांना नावंच पाडली होती. हे थोरलं, झिजून बुटकं झालेलं. हे मधलं. आणि हे धाकटं, अजून धुमसतंय."

मास्तर मान हलवत होते. त्यांना हे सगळं माहीत होतं, तरी तिच्या तोंडून ऐकायला नवीन वाटत होतं.

या बेटांवर जमिनीलगत धावणारे काळे भुंगेरे होते, शंभराच्या वर जाती. त्यांना उडता येत नाही. पंख केव्हाच गेले, पाठीवरची दोन कवचं शिवून टाकल्यासारखी जुळली. अशा किड्याने समुद्र ओलांडायचा कसा? वादळात एखादा ओंडका वाहत जातो, त्याच्या सालीखाली एखादी अंडी घालायला आलेली मादी असते. लाखो वर्षांत असं एकदा घडलं तरी पुरतं. भाचीने प्रत्येक जातीचा डीएनए काढून त्यांची वंशावळ मांडली होती. पडद्यावर ती झाडासारखी उलगडली, तेव्हा मास्तरांनी नकळत हात मांडीवर ठेवले आणि ताठ बसले. थोरल्या बेटाच्या फांद्या बुंध्याशी, त्यातून मधल्याच्या फुटलेल्या, त्यातून धाकट्याच्या. त्यांनी छत्तीस वर्षं जे एकेक करून खणात ठेवलं, ते या पोरीने एका दृष्टिक्षेपात उभं केलं होतं.

"आता ही बघ," ती म्हणाली. धाकट्याच्या दाट फांद्यांमध्ये एकच टोक थोरल्याच्या रंगात होतं. "सगळे पुढे पुढे गेले. ही एकटी उलटी फिरली. धाकट्यावरून निघाली आणि थेट थोरल्यावर जाऊन राहिली. असं या बेटांवर आजवर कुणी दाखवलेलं नाही. प्रयोगशाळेत आम्ही तिला माहेरवाशीण म्हणतो."

"बरं नाव आहे."

"ते लाडाचं. खरं नाव शुक्रवारी सांगणारे, पण तुला आत्ताच सांगते." तिने सुरुवातीचा भुंगेरा पडद्यावर परत आणला आणि ती दिव्यापाशी गेली. "तुझं आडनाव, मागे लॅटिन शेपूट लावून."

दिवा लागला. मास्तरांनी डोळे चोळले.

"अगं, मी काय केलंय?"

"या जातीचा जगात एकच नमुना आहे, मामा. थोरल्यावरचं ते रान शेळ्यांनी केव्हाच संपवलं. बेचाळीस वर्षांपूर्वी एक भुंगेरा मिळाला आणि तुझ्या हातात आला. दुसऱ्या कुणाच्या हातात आला असता तर तो सुटलेला पाय फुंकरीसरशी उडून गेला असता. तू तो शेजारी चिकटवून ठेवलास, म्हणून अंगाला धक्का न लावता मला त्याच पायातून डीएनए काढता आला. तुझ्या डिंकावर माझं सगळं उभं आहे. तसाही तुझा डिंक मला जन्मापासून लागलेलाच आहे. आई अजून ते दुपटं दाखवते."

ही गोष्ट घरात शेकडो वेळा झाली होती. भाची जन्मली त्या दिवशी मामा कामावरून तसाच दवाखान्यात पळत आला, बाळ हातात घेतलं आणि बोटं दुपट्यालाच चिकटली. नर्स ओरडली होती म्हणे. मास्तर नेहमी या गोष्टीवर हसत. आज त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

दिव्याच्या उजेडात चित्र फिकट झालं होतं, पण दिसत होतं. असल्या भुंगेऱ्याच्या पुढच्या पायाला आतल्या बाजूने एक खाच असते. मिशी त्या खाचेत धरून तो ओढून साफ करतो. खाच नेहमी अंगाकडे. या भुंगेऱ्याचा पुढचा उजवा पाय गळलेला होता. शेजारी चिकटवलेल्या पायाची खाच ज्या बाजूला होती, त्या बाजूला ती फक्त डाव्या पायाची असू शकत होती. आणि डावा पाय तर अंगाला जागच्या जागी होता.

"कसं वाटलं?" भाचीने विचारलं.

"छान," मास्तर म्हणाले. "फार छान मांडलंयस."

ते खरंच होतं. म्हणून तेवढंच बोलून ते उठले.

घरी आल्यावर ते दारातच थांबले. खाली वाकून त्यांनी स्वतःची डावी चप्पल उचलली, बायकोची डावी चप्पल तिच्याशेजारी ठेवली, आणि दोन्हींच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवलं.

"अहो, चपलांना काय विचारताय?" आतून बायको आली. "घरात या. की आता नाव किड्याला लागणार म्हणून किड्यांसारखं उंबऱ्याशीच राहायचं?"

"तुला कुणी सांगितलं?"

"मुंगीने. दुपारीच फोन होता तिचा." भाचीला घरात मुंगी म्हणत, चालायला लागली ती मुंग्यांच्या रांगेमागेच. "मी म्हटलं, बरं झालं. छत्तीस वर्षं माझ्यापेक्षा त्यांच्यातच जास्त बसले, आता रीतसर घराण्यात घेतलं."

मास्तर हात धुऊन जेवायला बसले. ताटातलं त्यांनी नुसतं इकडचं तिकडे केलं. बायकोने दोनदा वाढायला हात पुढे केला आणि दोनदा मागे घेतला.

"समज, माझ्या हातून फार पूर्वी एक चूक झाली," ते म्हणाले. "आणि ती कुणालाच दिसली नाही."

"तुम्हाला दिसली?"

"हो."

"मग कुणालाच कुठे?" ती म्हणाली आणि पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला.

दुसऱ्या दिवशी संग्रहालय उघडलं तेव्हा ते दाराशी उभे होते. पहारेकऱ्याने वहीत नाव न लिहिताच आत सोडलं. नमुन्यांच्या दालनात डांबरगोळ्यांचा तोच वास होता. छत्तीस वर्षं तो त्यांच्या शर्टांना यायचा आणि बायको ते शर्ट वेगळे भिजवायची. धाकट्या बेटाची कपाटं उजव्या भिंतीला. तिथल्या एका जातीचेच तीनशेच्या वर भुंगेरे होते, सगळे काळे, सगळे तांदळाच्या तीन दाण्यांएवढे, सगळे त्यांच्याच हातचे.

पाय एकाच रीतीने बदलला असणार, हे त्यांनी रात्रीच मनाशी पक्कं केलं होतं. टेबलावर दोन भुंगेरे असतील. दोघांचा एकेक पाय सुटला असेल. याचा त्याला गेला तर त्याचा याला आला. पाय धाकट्याच्या फांदीत बसला होता. म्हणजे इथे कुठेतरी एक भुंगेरा आहे, ज्याचा डावा पाय गळलाय आणि शेजारी उजवा चिकटवलाय. पाय मोजणाऱ्याला तिथेही सहाच दिसणार. डावा की उजवा, हे कोण विचारतो?

त्यांनी पहिला खण ओढला, भिंग डोळ्याला लावलं आणि ओळीने पाहायला सुरुवात केली.

चौथ्या खणात, खालून दुसऱ्या ओळीत तो सापडला. मास्तरांनी टाचणी बोटांत धरून तो वर काढला, खिडकीपाशी नेला. दोन उजवे. डिंक अजून काचेसारखा स्वच्छ होता, कुठे ओघळ नाही, पायाचं नखसुद्धा अचूक पसरलेलं. काम देखणं होतं. चुकीच्या जागी होतं, एवढंच.

टेबलावर कुणाची तरी पाण्याची वाटी आणि बारीक कुंचला पडला होता. त्यांचा डिंक पाण्याने सुटणारा होता. पुढे कधी कुणाला नमुना हलवायचा झाला तर अडचण नको म्हणून त्यांनीच तो तसा ठरवला होता. एक थेंब, मिनिटभर थांबायचं, आणि पाय सुटेल. जमिनीवर पडला तर केरात जाईल. भाचीकडचा पाय तर डीएनए काढताना कुटून संपलाच होता. त्याचं फक्त चित्र उरलं होतं, आणि तीन वर्षं ते कुणाला खटकलं नव्हतं. शुक्रवारी टाळ्या पडतील. किड्याला नाव लागेल.

त्यांनी कुंचला उचलला. त्याचे केस विस्कटलेले होते. सवयीने त्यांनी ते ओठांनी ओले करून टोकदार केले, टोक एकदा पाहिलं, आणि कुंचला वाटीपासून लांब, टेबलाच्या पलीकडच्या कडेला ठेवला. मग खुर्चीत बसून राहिले.

भाची आली ती बोलतच आली.

"पहारेकरी म्हणाला तू सकाळपासून आहेस. भाषणाला हार घालून बसणारेस की काय शुक्रवारी? मी मामीला सांगितलंय, त्याला तो जुना कोट घालू देऊ नकोस—" ती थांबली. "काय झालं?"

"हा बघ. आणि मग तुझ्या माहेरवाशिणीचं चित्र बघ. खाच कुठे आहे ते बघ."

तिने भुंगेरा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. बराच वेळ तिची पाठच दिसत होती. मास्तरांनी तिचा हात स्क्रूवर एकदा पुढे, एकदा मागे जाताना पाहिला. मग तो हात तिथेच राहिला.

"दोन उजवे," ती म्हणाली.

"आणि तिकडे दोन डावे."

"म्हणजे मी तीन वर्षं..." तिने वाक्य सोडून दिलं. "मी ज्याचा डीएनए काढला तो पाय थोरल्याचा नव्हताच. याचा होता. धाकट्याचा. म्हणून तो धाकट्याच्या फांदीत बसला. तो दुसरीकडे बसणार तरी कुठे होता?"

"हो."

"परत कुणी गेलंच नाही."

"या पायावरून तरी नाही."

ती वळली. डोळे कोरडे होते. नाकाचा शेंडा मात्र लाल झाला होता, लहानपणी कविता विसरली की व्हायचा तसा.

"कधी कळलं तुला?"

"काल. चित्र मोठं दिसलं तेव्हा."

"काल बोलला नाहीस."

"तू फार खुशीत होतीस गं. आणि मला खात्री करायची होती." मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "खात्री कालच होती. बोलायला जीभ उचलली नाही."

तिने वाटीकडे पाहिलं, मग टेबलाच्या कडेच्या कुंचल्याकडे. त्याचं टोक ओलं आणि सुईसारखं निमुळतं होतं. तसं टोक विभागात दुसऱ्या कुणाला करता येत नसे. तिने वाटी उचलून खिडकीत नेऊन ठेवली.

"एका वेळी एकच," ती म्हणाली. "मला दहाव्या वर्षी तू फुलपाखरू टोचायला शिकवलंस तेव्हा दुसरं नुसतं टेबलावर ठेवलं म्हणून हातावर फटका मारला होतास. मग दोन भुंगेरे एका टेबलावर आले कसे?"

"घाई होती."

"तुला? कसली?"

"असेल काहीतरी," मास्तर म्हणाले. "शुक्रवारचं काय ते बघ आधी. दोनच दिवस आहेत."

शुक्रवारी ती चाळीस मिनिटं बोलली. मास्तर शेवटच्या रांगेत, जुना कोट घालून बसले होते. झाड दाखवून झाल्यावर तिने दोन भुंगेरे शेजारी शेजारी दाखवले आणि कुणीही विचारायच्या आत सांगितलं, माझा सगळ्यात मोठा निष्कर्ष परवापर्यंत या एका पायावर उभा होता, आणि तो पाय दुसऱ्याचा आहे. सभागृहात खुर्च्या कुरकुरल्या. विभागप्रमुखांनी कपाळावर हात नेला तो तसाच ठेवला. पाहुण्यांपैकी एका पांढऱ्या केसांच्या बाईंनी विचारलं, हे लक्षात कुणाच्या आलं?

"ज्यांनी तो चिकटवला होता, त्यांच्याच," भाची म्हणाली. "बेचाळीस वर्षांनी, वीस फुटांवरून."

बाई मागे वळल्या आणि शेवटच्या रांगेकडे पाहून त्यांनी मान किंचित झुकवली. मास्तरांनी कोटाचं बटण लावलं.

चौथ्या खणातल्या त्या जादा उजव्या पायाचा निकाल यायला तीन आठवडे गेले. या वेळी भाचीने पाय कुटला नाही. नुसता द्रावणात भिजवून त्यातून डीएनए काढून घेतला आणि पाय अख्खा परत आणला. दुपारी तिने मामाला आपल्या खोलीत बोलावून घेतलं. टेबलावर त्यांचा जुना दिवा, चिमटा आणि डिंकाची बाटली मांडून ठेवली होती.

"कुठे बसली?" मास्तरांनी आत येता येताच विचारलं.

"अगदी बुंध्याशी. बाकी सगळ्यांच्या आधी वेगळी झालेली."

"म्हणजे सगळ्यांची आजी."

"आजी नाही. आजीची थोरली बहीण. बाकीच्या ओंडक्यावर बसून निघून गेल्या, ही घर सोडून गेलीच नाही." ती हसली. "बातमीत छापण्यासारखं काही नाही त्यात. पण ही नसती तर सगळं झाड किती जुनं ते मला कळलं नसतं. आणि नाव तेच राहील. तू वाद घालायचा नाहीस."

"चुकीला कुणी नाव देतं का?"

"चूक पायात होती. भुंगेरा खराच आहे. बस आता, ज्याचा पाय त्याला दे."

मास्तर बसले. भुंगेरा पुढ्यात घेतला. दुसरा खणातच होता, एका वेळी एकच. त्यांनी मनगट टेबलाच्या कडेला टेकवलं. डिंकाचा ठिपका टेकवला, चिमट्याने पाय उचलला. भाची शेजारच्या खुर्चीत मांडीवर जाड वही घेऊन बसली. दुरुस्तीच्या चिठ्ठीवर मूळ नमुना कधी मांडला ती तारीख लागणार होती, आणि ती मास्तरांच्या कामाच्या वहीत असणार होती.

"तारखेची काय गरज आहे?" मास्तर वर न बघता म्हणाले. "नुसतं वर्ष टाक."

"तूच म्हणायचास, अर्धी चिठ्ठी म्हणजे नसलेली चिठ्ठी."

पानं उलटल्याचा आवाज येत राहिला. वहीत प्रत्येक ओळीला एक क्रमांक, सुरुवातीची वेळ, उठल्याची वेळ. पानांमागून पानं तशीच. मग आवाज थांबला. मास्तरांना ती ओळ न बघताही दिसत होती. दोन क्रमांक आणि वेळ एकच, सव्वानऊ ते साडेनऊ. आदल्या दिवशी मऊ करायला ठेवलेले दोनच उरले होते, टाकून गेलं तर दुसऱ्या दिवशी मोडले असते. पुढे 'रजा' एवढा एक शब्द. तेव्हाही त्यांनी वहीत खोटं लिहिलं नव्हतं.

भाचीचं बोट क्रमांकांवरून डावीकडे सरकलं आणि तारखेवर थांबलं. ती तारीख तिने आयुष्यभर प्रत्येक अर्जावर लिहिली होती.

मास्तरांनी पायाचं शेवटचं नख पसरलं, चिमटा खाली ठेवला. खाच अंगाकडे होती. त्यांनी चष्मा काढला, खिशात घातला आणि उठण्यासाठी खुर्ची मागे सारली.

"बस ना," भाची म्हणाली. तिने वही मिटली नव्हती. "वाळू दे आधी."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटांकडे. खुर्ची पुढे ओढून ते परत बसले. खिडकीतून येणारं ऊन पुठ्ठ्याच्या त्या तुकड्यावर पडलं होतं, आणि दोघंही डिंकाची चमक हळूहळू कमी होताना बघत राहिले.